विजयदुर्गचे 'साहेबाचे कट्टे' आणि हेलियमची रेषा

विजयदुर्ग किल्ला पाहावयास जाणाऱ्यास तेथील माहीतगार मंडळी तट व बुरूज यांबरोबर कांहीं बांधीव ओटेही दाखवितात. त्यांस 'साहेबाचे कट्टे' असें नांव आहे. या कट्ट्यांविषयीं जी हकीकत सांगतात ती येणेंप्रमाणें: नॉर्मन लॉक्यर नांवाच्या इंग्रज ज्योतिष्यानें ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं येथें दुर्बीण मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिलें आणि त्याच वेळीं हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला. ही हकीकत अनेक वेळां छापली गेली असून अलीकडे १८ ऑगस्ट हा दिवस किल्ल्यावर हेलियम दिन म्हणून पाळण्यांतही येतो. आम्हीं स्वतः कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत ही गोष्ट प्रमाण धरून सांगितली होती. पडताळा न घेतां ती सांगितली हा दोष सर्वस्वीं आमचा. त्याची दुरुस्ती करणें हा या लेखाचा पहिला हेतु होय.

दुसरा हेतु थोडा निराळा आहे. हकीकतींतील तारीख चुकली आहे एवढेंच दाखवून थांबलों तर काम अर्धेंच होईल. ग्रहणाच्या काळोखांत ती रेषा सूर्याच्या कडेस सर्वांनीं पाहिली. मग ती नवीन आहे हें त्या दिवशीं कोणासच कां ठरवितां आलें नाहीं, या प्रश्नाचें उत्तर यंत्राच्या मोजपट्टींत आहे. जुन्या कागदांचा काल ठरविण्याचें काम करणाऱ्या वाचकांस तें उत्तर परकें वाटणार नाहीं अशी आमची समजूत आहे.

प्रथम शकावली घेऊं. या हकीकतीशीं संबंध असलेलीं, महाराष्ट्रावरून गेलेलीं ग्रहणें दोन. पहिलें शके १७९०, श्रावण वद्य अमावास्या, मंगळवार, म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ चें. दुसरें शके १८१९, पौष वद्य अमावास्या, शनिवार, म्हणजे २२ जानेवारी १८९८ चें. दोन्ही खग्रास, आणि घोटाळ्याचें मूळ बहुधा येथेंच आहे कीं, दोन्हींच्या छायेचा पट्टा विजयदुर्गावरून गेला. एकाच ठिकाणच्या दोन ग्रहणांची आठवण तीस वर्षांच्या अंतरानें एकांत एक मिसळली, तर लोकांच्या स्मृतीस दोष देण्याचें कारण नाहीं. बखरींत एकाच नांवाच्या दोन पुरुषांचीं कृत्यें एकावर चढविलेलीं आपण नित्य पाहतों.

आतां लॉक्यर कोठें होते तें पाहूं. १८६८ च्या ऑगस्टांत ते इंग्लंडांत होते. लंडनच्या युद्धखात्यांत कारकुनी करून फावल्या वेळांत वेध घेणारे ते गृहस्थ होते, आणि त्या वर्षीं त्यांनीं हिंदुस्थानाचा प्रवास केलेला नाहीं. हिंदुस्थानांत ते ग्रहणासाठीं प्रथम आले ते १८७१ सालीं; त्या वर्षींच्या १२ डिसेंबरचें ग्रहण त्यांनीं मलबार किनाऱ्याच्या उत्तरेस बेकल किल्ल्यावरून पाहिलें. बेकल हाही समुद्रांत शिरलेला किल्ला आहे, हें येथें नमूद करून ठेवण्यासारखें आहे. विजयदुर्गास ते आले १८९८ च्या जानेवारींत. त्या वेळीं त्यांच्या मंडळीची छावणी किल्ल्यांतच होती आणि 'मेल्पोमीनी' या आरमारी जहाजावरील खलाशी त्यांच्या हाताखालीं यंत्रांवर काम करीत होते. सबब 'साहेब' खरा, ग्रहण खरें, किल्लाही खरा. साल मात्र तीस वर्षांनीं मागें गेलें आहे. कट्टे यंत्रांसाठीं बांधले असतील तर ते १८९८ चे, असें आमचें मत आहे.

याखेरीज एक साधी गोष्ट कोंकणांतील कोणीही मनुष्य सांगूं शकेल. श्रावणी अमावास्येस विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर सूर्य दिसेल या भरंवशावर कोणता ज्योतिषी परदेशांतून यंत्रें घेऊन येईल? १८६८ च्या मोहिमा ज्यांनीं आंखल्या त्यांनीं किनारा सोडून घाटावरचीं व पूर्वेकडचीं ठिकाणें निवडलीं: जमखिंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण. उलट पौषांत कोंकणचें आकाश निरभ्र असतें, आणि १८९८ सालीं विजयदुर्ग निवडला गेला यांत नवल नाहीं.

म्हणजे १८६८ च्या ग्रहणांत मराठी मुलखाचा संबंध शोधावयाचा तर विजयदुर्ग सोडून जमखिंडीस गेलें पाहिजे. पटवर्धनांच्या या संस्थानांत (सांप्रत तें कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत मोडतें) त्या दिवशीं लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं वेध घेतले. हे मोजणीखात्यांतील इंजिनियर. प्रसिद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांचे चिरंजीव व युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. रॉयल सोसायटीनें त्यांच्याकडे ५ इंची दुर्बीण व वर्णपटदर्शक पाठविला होता. आकाश ढगाळ होतें. ढगांच्या फटींतून सूर्याच्या कडेवरील ज्वाला यंत्राच्या फटीवर आली, आणि त्यांस तीन ठळक रेषा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. या एका दर्शनानें मोठा प्रश्न सुटला. ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत हें ठरलें. कारण घन पदार्थ तापला तर त्याचा वर्णपट अखंड दिसतो, विरळ वायु तापला तरच सुट्या रेषा दिसतात. नारिंगी रेषेची जागा त्यांनीं मोजली आणि ती 'डी' रेषाच, म्हणजे सोडियमची, असें ठरविलें. मात्र आपल्या यंत्राची शक्ति जितकी तितकीच ही खात्री, अशी मर्यादाही त्यांनीं घातली. ही पुस्ती फार महत्त्वाची आहे, आणि पुढें तिचाच उलगडा करावयाचा आहे.

त्या दिवशींचे इतर साक्षीदारही हेंच सांगतात. गुंटूरास मेजर टेनंट यांनीं आपल्या यादींत 'डी' लिहिली. सयामकडे राये नांवाच्या फ्रेंच ज्योतिष्यानें नऊ रेषा मोजल्या, त्यांतही पिंवळीस 'डी' म्हटलें. मच्छलीपट्टणास मद्रास वेधशाळेचे पॉग्सन यांनीं पिंवळी रेषा 'डी' च्या जागीं किंवा तिच्या अगदीं निकट असल्याचें नोंदविलें. जान्सेन हे फ्रेंच विद्वान गुंटूरास होते. रेषा इतक्या तेजस्वी आहेत कीं त्या ग्रहणावांचूनही दिसाव्यात, असें ग्रहण चालूं असतांनाच त्यांच्या मनांत आलें, आणि दुसऱ्याच दिवशीं, १९ ऑगस्टला, उघड्या सूर्यावर त्यांनीं तें करून दाखविलें. हें कार्य फार मोठें होतें. परंतु पिंवळी रेषा निराळी आहे असा दावा त्यांनींही केला नाहीं.

इतके कसलेले लोक एकाच जागीं कां चुकले? येथें यंत्राविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत.

वर्णपटदर्शकांत एक बारीक फट असते. तिच्यांतून आलेला प्रकाश लोलकांतून जातो आणि निरनिराळे रंग निरनिराळ्या कोनांत वळतात. एकेका रंगाचा प्रकाश त्या फटीचीच एकेक प्रतिमा उमटवितो. तिलाच आपण रेषा म्हणतों. सूर्याच्या अखंड वर्णपटांत ज्या काळ्या रेषा आढळतात, त्यांपैकीं मुख्य रेषांस फ्राउनहोफर यांनीं १८१४ च्या सुमारास रोमन अक्षरांचीं नांवें दिलीं. 'डी' हें नांव त्यांतलेंच. पुढें १८५९ त किर्खहोफ व बुन्सेन यांनीं दाखविलें कीं ही काळी 'डी' आणि मीठ ज्योतींत टाकल्यावर दिसणारी झळझळीत पिंवळी रेषा यांची जागा एकच. परंतु 'जागा' म्हणजे काय? यंत्रांतील पट्टीवरचा आंकडा. तो आंकडा त्या एका यंत्रापुरता असतो. लोलक बदला, भिंग हलवा, थंडीनंतर ऊन पडूं द्या, आंकडा बदलतो. किर्खहोफ यांनीं सूर्याच्या वर्णपटाचा मोठा नकाशा काढला, तोही त्यांच्या स्वतःच्या पट्टीवर. सर्वांनीं मानावी अशी तरंगलांबीची मोजणी अँगस्ट्रॉम यांच्या नकाशानें रूढ केली, आणि तो नकाशा उप्साला येथें प्रसिद्ध झाला त्याच १८६८ सालीं.

पेशवे दप्तराशीं परिचय असलेल्यांस हें एका उदाहरणानें चटकन् समजेल. एका कागदावर सुहूर सन असतो, दुसऱ्यावर फसली, तिसऱ्यावर राज्याभिषेक शक, चवथ्यावर नुसताच चंद्र आणि तारीख. प्रत्येक आंकडा आपापल्या जागीं बरोबर. परंतु दोन कागद एकाच दिवसाचे कीं पंधरवड्याच्या अंतराचे हें जंत्रीवांचून सांगतां येत नाहीं. आणि जंत्रीही ज्याचा काल निःसंशय ठाऊक आहे अशा एखाद्या दिवसावर टेकलेली असावी लागते. यंत्राच्या पट्टीस अशी टेकण देणें, म्हणजे ज्यांची तरंगलांबी निश्चित आहे अशा रेषा पाहून पट्टीवरील आंकड्यांस अर्थ देणें, यास अंशांकन म्हणतात. अंशांकनावांचून वर्णपटदर्शक म्हणजे रंगांचें खेळणें.

हें काम किती फसवें आहे याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला, तो सांगतों. आमचें वास्तव्य भाईंदरजवळ नवघर येथें आहे; गांव सांप्रत मिरा-भाईंदर महानगरपालिकेंत आलें आहे. या बाजूचीं मिठागरें जुनीं व प्रसिद्ध असल्यामुळें 'डी' रेषेचें साधन आमच्या दारांतच. लोलकाचा एक लहान हातवर्णपटदर्शक आम्हांस मिळाला होता, त्यांत डोळ्यापाशीं अंशांची पट्टी आहे. प्रथम घरांतील नळीचा दिवा घेतला. त्यांत पाऱ्याच्या दोन रेषा ठळक दिसतात: निळी ४३५८ अँगस्ट्रॉमची व हिरवी ५४६१ ची. या दोहोंवरून त्रैराशिक मांडून आम्हीं सबंध पट्टीवर तरंगलांबीचे आंकडे लिहिले व समाधान मानलें. मग स्पिरिटच्या दिव्यावर मिठागरांतील खडा धरला. पिंवळी रेषा लखलखली, आणि आमच्या पट्टीवर तिचें वाचन निघालें सुमारें ५७३०! खरी जागा ५८९० ते ५८९६. दीडशेहून अधिक अँगस्ट्रॉमची चूक. कारण उघड आहे, पण तें चूक झाल्यावरच ध्यानांत आलें. लोलक निळ्या बाजूस रंग ऐसपैस पसरतो आणि तांबड्या बाजूस दाटीवाटीनें बसवितो, म्हणून दोन टोकांवरून काढलेलें त्रैराशिक मध्यें कसें तरी चालतें, पण टोकाबाहेर पाऊल पडलें कीं फसतें. मीठ हीच तिसरी टेकण धरून पट्टी पुन्हां लिहिली तेव्हां ती वागूं लागली.

यापुढें एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील हेलियमची नळी पाहण्याचा योग आला. हेलियमची पिंवळी रेषा ५८७६ अँगस्ट्रॉमची. मिठाची जवळची रेषा ५८९०. अंतर अवघें १४. आधीं मीठ पाहिलें, दिवा बाजूस केला, मग नळी ठेवली. आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, आम्हांस आधीं ठाऊक नसतें तर ही तीच रेषा असें आम्हीं बिनदिक्कत लिहिलें असतें. फट रुंद ठेवली असतां तर भेद मुळींच कळेना. नंतर दोन्ही प्रकाश एकाच वेळीं फटीवर पाडले आणि फट अगदीं आंवळली, तेव्हां दोन रेषा शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या व शंका फिटली.

आमच्या मतें १८६८ च्या ग्रहणाचें सर्व मर्म यांत आहे. सूर्य पूर्ण झांकला जातो तेव्हां त्याचा अखंड वर्णपट लोपतो, आणि त्याबरोबर त्यांतील काळ्या रेषाही लोपतात. ज्वालेच्या तेजस्वी रेषा काळ्या पार्श्वभूमीवर सुट्या दिसतात. शेजारीं ओळखीची एकही खूण उरत नाहीं. वेध घेणाऱ्यानें 'डी' चें वाचन ग्रहणाआधीं घ्यावयाचें, काळोखांत पिंवळ्या रेषेचें वाचन घ्यावयाचें, आणि मधल्या वेळांत यंत्र हललें नाहीं असें मानावयाचें. त्यांतही वेळ मोजक्या मिनिटांचा, पट्टी वाचावयास दिव्याचा आधार, वर ढग. प्रकाश मंद म्हणून फट रुंद ठेवण्याचा मोह, आणि फट रुंद झाली कीं रेषाही तितकीच रुंद. अशा स्थितींत १४ अँगस्ट्रॉमचा भेद हातीं लागला नाहीं यांत हर्शेल यांचा उणेपणा नाहीं. उलट, आपली खात्री यंत्राच्या शक्तीपुरतीच आहे असें त्यांनीं नमूद केलें, यावरून जोखीम कोठें आहे हें त्यांस पुरतें ठाऊक होतें असें दिसतें.

ग्रहण नसतां सर्व उलटें होतें. फट सूर्याच्या कडेबाहेर ठेवली तरी आकाशांतील विखुरलेल्या उजेडाचा फिकट वर्णपट मागें राहतोच, आणि त्यांत काळ्या रेषा जागच्या जागीं असतात. ज्वालेची तेजस्वी रेषा त्या पटावर उमटते. वेध आणि जंत्री एकाच पानावर! लॉक्यर यांनीं ग्रहणावांचून ज्वाला पाहण्याची युक्ति पूर्वींच सुचविली होती. पण त्यांचें यंत्र ब्राऊनिंग या कारागिराकडून मिळावयास फार दिरंगाई झाली व तें हातीं आलें १६ ऑक्टोबर १८६८ रोजीं. चार दिवसांनीं, २० ऑक्टोबरला, लंडनमधील आपल्या घरून त्यांस ज्वालेच्या तीन रेषा दिसल्या. त्यांचा निष्कर्ष असा: पहिली 'सी' शीं तंतोतंत जुळते, दुसरी 'एफ' शीं जवळजवळ जुळते, तिसरी 'डी' च्या जवळ, परंतु 'डी' च्या जोडीपैकीं निळ्या बाजूकडील रेषेहून किर्खहोफच्या पट्टीवर आठ-नऊ अंश पलीकडे आहे.

या आठ-नऊ अंशांचा हिशोब आम्हीं करून पाहिला. किर्खहोफच्या नकाशांत 'डी' ची जोडी १००२.८ आणि १००६.८ या अंशांवर आहे, म्हणजे चार अंशांचें अंतर. आजच्या मापानें तें अंतर सुमारें ६ अँगस्ट्रॉम. तेव्हां आठ-नऊ अंश म्हणजे १२ ते साडेतेरा अँगस्ट्रॉम. आणि खरें अंतर १४. पहिल्याच दिवसाच्या अंदाजास ही जवळीक पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें. पण जमेची बाजू अंदाजाच्या अचूकपणाहून मोठी आहे: सोडियमची जोडी आणि नवी रेषा एकाच दृष्टिक्षेपांत होत्या, म्हणून ती सोडियमची नव्हे हें सांगावयास आंकड्याची गरजच नव्हती. या रेषेस पुढें 'डी-३' असें नांव पडलें. ज्या रेषेस आज हेलियमची म्हणतात तिचें वेगळेपण उजेडांत ठरलें, काळोखांत नव्हे. आणि तें लंडनांत ठरलें, विजयदुर्गावर नव्हे. जान्सेन व लॉक्यर या दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विज्ञानपरिषदेपुढें २६ ऑक्टोबर १८६८ च्या एकाच बैठकींत आलीं, आणि पुढें फ्रेंच सरकारनें दोघांच्या मुद्रा असलेलें एक पदक पाडलें. तें पदक ग्रहणावांचून ज्वाला पाहण्याच्या युक्तीबद्दल आहे. हेलियमशीं त्याचा संबंध जोडतात तो मागाहूनचा.

'हेलियम' हें नांव १८७१ सालीं विल्यम थॉमसन यांच्या एडिंबरो येथील भाषणानें जाहीर झालें. सुमारें चोवीस वर्षें पृथ्वीवर या द्रव्याचा निर्विवाद पुरावा नव्हता, आणि पुष्कळ रसायनज्ञ या नांवाची थट्टाही करीत. १८९५ च्या मार्चांत रॅम्झे यांनीं क्लेव्हाइट नांवाच्या खनिजांतून एक वायु काढला. त्यांत एक झगझगीत पिंवळी रेषा होती. ती 'डी-३' च कां, हा प्रश्न पुन्हां मोजपट्टीचाच. क्रुक्स यांनीं ती मोजली व जुळते म्हणून सांगितलें. इतक्यांत जर्मनीचे रुंगे व पाशेन यांनीं दाखविलें कीं ही रेषा एकेरी नसून तिला लागून एक मंद जोडीदार आहे, अंतर अँगस्ट्रॉमच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाचें. झालें! सूर्यांतील रेषा तर सर्वांनीं एकेरी लिहिलेली. मग प्रयोगशाळेंतील वायु निराळा म्हणावयाचा कीं काय? हगिन्स यांस ती प्रथम एकेरीच दिसली. अधिक बारकाईनें पाहतां सूर्यावरही ती दुहेरी निघाली, आणि दोन्ही द्रव्यें एकच हें ठरलें. मोडींतील एखादा जोडशब्द एकशब्द म्हणून वर्षानुवर्षें वाचला जावा आणि दुसरी प्रत सांपडल्यावर तो सुटावा, तसाच हा प्रकार.

आतां १८९८ च्या खऱ्या विजयदुर्गाकडे वळूं. हेलियम सांपडून तीन वर्षें झालीं होतीं. तेव्हां किल्ल्यावर त्याचा शोध लावावयाचा उरलाच नव्हता. मंडळी आली होती ती वेगळ्या कामासाठीं. सूर्यबिंब झांकलें जाण्याच्या व उघडण्याच्या क्षणीं सूर्याभोंवतींच्या पातळ थराचा तेजस्वी वर्णपट दोन-तीन सेकंद चमकून जातो. त्याचें छायाचित्र घ्यावयाचें होतें. यासाठीं फट नसलेला लोलक-कॅमेरा वापरीत. फट नसल्यामुळें प्रत्येक रेषा सरळ न उमटतां सूर्याच्या कडेसारखी चंद्रकोर होऊन उमटते. लॉक्यर यांच्याबरोबर फाउलर या यंत्रावर होते. मध्यान्हीच्या सुमारास सुमारें दोन मिनिटांची खग्रास अवस्था मिळाली, आकाश स्वच्छ होतें, आणि छायाचित्रें उत्तम आलीं. हायड्रोजनच्या ओळखीच्या कोरी त्याच कांचेवर असल्यामुळें इतरांस टेकणही तेथेंच मिळाली. १८६८ त पट्टी आणि वेध यांची जी फारकत होती ती अशी मिटली.

त्या ग्रहणाचा पट्टा मराठी मुलखांतून लांबवर गेला आणि त्याच्या वाटेवर अनेक छावण्या पडल्या. पुलगांवास न्यूअल, वऱ्हाडांत तळणीस मॉंडर व एव्हरशेड. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल उतरले होते, आणि तेथेंच पुण्याचे कावसजी दादाभाई नायगांववाला यांची छावणी होती. विजयदुर्गाचें नांव घराघरांत पोंचलें, जेऊरचें मात्र ज्योतिषाच्या अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक नाहीं. ही विषमता आम्हांस बोंचते, म्हणून या गृहस्थांविषयीं चार ओळी अधिक लिहितों.

नायगांववाला (१८५७ ते १९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिक्षक असतां १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं वर्णपटवेधासाठीं ५००० रुपये दिले. मुंबई सरकारनें तितकीच रक्कम घातली, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजांत महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळीं व पुढेंही पुष्कळ वर्षें हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. १८९१ सालीं त्यांनीं मृगांतील तेजोमेघाच्या मुख्य हिरव्या रेषेचा वेध प्रसिद्ध केला. या रेषेवरून तेव्हां मोठा वाद होता. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे असें प्रतिपादन करणारे गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नसून लॉक्यरच. तसें असतें तर रेषा एका बाजूस धूसर होत गेलेली दिसावयास हवी. पुण्याच्या यंत्रांतून ती सर्व परिस्थितींत नीट कांठाची, बारीक व स्वच्छ दिसली. ज्यानें १८६८ त आठ-नऊ अंशांच्या भेदावरून नवें द्रव्य ओळखलें, त्यालाच वीस वर्षांनंतर तशाच बारीक भेदानें दगा दिला, आणि तें दाखविणाऱ्यांत पुण्याचा एक वेधकार होता. (ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हें बोवेन यांनीं १९२७ त उलगडलें. तोंवर तिच्यासाठींही 'नेब्युलियम' नांवाचें द्रव्य कल्पिलें गेलें होतें. प्रत्येक अनोळखी रेषेच्या पोटीं हेलियम निघत नाहीं.) जेऊरच्या ग्रहणाचा त्यांचा अहवाल १९०२ त मुंबईस छापला गेला. १९१२ त ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि यंत्रें कोडईकनालास गेलीं.

१८९८ च्या कांचांचा उपयोग करणारांस एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. रेषेची जागा ठरली म्हणजे अंशांकन संपलें असें नव्हे. तिचें तेज किती हा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक कठीण आहे. डोळा हिरव्या-पिंवळ्यास उदार आणि निळ्या-जांभळ्यास व तांबड्यास कृपण. त्या वेळची साधी छायाचित्राची कांच याच्या उलट: निळ्या-जांभळ्यास अत्यंत हळवी, पिंवळ्यास जवळजवळ आंधळी. रंगद्रव्य मिसळून कांचेस हिरव्या-पिंवळ्याची दृष्टि देतां येते हें फोगेल यांनीं १८७३ त शोधलें होतें, परंतु अशी कांचही सर्व रंगांस सारखी वागवीत नाहीं. म्हणून जमखिंडीस डोळ्यानें पाहिलेली 'तेजस्वी' नारिंगी रेषा आणि तीस वर्षांनंतरच्या कांचेवरील 'मंद' नारिंगी कोर यांची तुलना करून सूर्यांत काय बदललें असें कोणी अनुमान काढील तर तें निराधार ठरेल. प्रथम डोळ्याचा व कांचेचा पक्षपात मोजला पाहिजे. आज हें काम, ज्याचें तापमान निश्चित ठाऊक आहे अशा दिव्याचा प्रकाश यंत्रांत सोडून करतात. त्या तापमानास प्रत्येक रंगाचा प्रकाश किती असावा हें प्लांक यांच्या १९०० सालच्या नियमानें काढतां येतें. यंत्र किती दाखवितें हें समोर असतें. दोहोंचें गुणोत्तर म्हणजे त्या यंत्राची रंगवार दृष्टि. १८९८ त हा नियमही नव्हता. त्या कांचांवरील रेषांच्या जागा आजही विश्वसनीय आहेत. त्यांच्या तेजाचे आंकडे मात्र त्या एका कांचेपुरतेच वाचावेत.

आमच्या या मांडणीवर एक आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे: किल्ल्याचा मान कशास कमी करतां? मान कमी होतो असें आम्हांस वाटत नाहीं. लॉक्यर स्वतः या किल्ल्यांत राहिले, ग्रहणाचीं उत्तम छायाचित्रें येथून निघालीं, हें सर्व लेखी पुराव्यानें सिद्ध आहे आणि २२ जानेवारी हा दिवस किल्ल्यास खराखुरा लाभलेला आहे. १८ ऑगस्ट हा दिवस पाळावयाचा तर तो जमखिंडीनें व गुंटूरनें पाळावा.

राहिली गोष्ट कट्ट्यांची. त्यांच्या बांधकामाविषयीं खात्रीचा निर्णय मराठी कागदांवरूनच होईल. किल्ल्यांत परदेशी मंडळीची छावणी पडावयाची म्हणजे गाड्या, बैल, मजूर, चुना, दगड, पाणी यांचे हुकूम निघालेच असणार. देवगड तालुका तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत असल्यामुळें ते त्या जिल्ह्याच्या दप्तरांत किंवा गांवच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या रुमालांत असण्याचा संभव आहे. त्याचप्रमाणें शके १७९० च्या श्रावणांत जमखिंडी संस्थानानें हर्शेल यांच्या मुक्कामाची जी व्यवस्था ठेवली असेल तिच्या नोंदी पटवर्धनी दप्तरांच्या रोजकीर्दींत सांपडाव्यात. ज्या संग्राहकांकडे विजयदुर्ग, देवगड अथवा खारेपाटण बाजूचे १८९७ च्या दिवाळीपासून १८९८ च्या शिमग्यापर्यंतचे मोडी कागद असतील, त्यांनीं ते एकवार चाळून 'गिऱ्हाण', 'दुर्बीण', 'ओटा' किंवा 'साहेबाचा मुक्काम' असे शब्द आढळल्यास मंडळास नक्कल पाठवावी. अस्सल कागद पाठविण्याची जरूर नाहीं.